जुईच्या गालावरचा डाग

अन्याय झाला तो जुईवर. जुई म्हणजे पेणच्या नाना घोडेवाल्याची पांढरी घोडी. कधी झाला तेही सांगते, म्हणजे ऐकीव गोष्ट म्हणून कोणाला हात झटकता येणार नाहीत. दोन वर्षांपूर्वीची अक्षय्य तृतीया, सकाळी अकराच्या सुमारास, रोहा आणि अष्टमी यांना जोडणाऱ्या कुंडलिका नदीवरच्या पुलावर. पाठीवर नवरदेव, पुढे बेंजो, मागे पाहुणे. भर पुलावर जुईचे पुढचे दोन्ही गुडघे दुमडले आणि ती नाकावर आपटली. नवरदेव तिच्या मानेवरून घसरत खाली आला. त्याला खरचटलं. जुईला लाथ बसली. पुलावर होते तेवढ्या सगळ्यांनी नवरदेवाची विचारपूस केली. घोडी का पडली, हे एकानेही विचारलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं, ‘‘प्राण्यांचं काम करता, तर चार गमतीजमती लिहा. दिवाळीचा अंक आहे.’’ गमती आहेत. पेणमध्ये प्राण्यांसाठी काम करणारी आमची छोटी संस्था आहे आणि तिच्यात पूर्णवेळ माणूस मी एकटी. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींमागे साप शिरला, फोन मला. गटारात वासरू अडकलं, फोन मला. रोह्याच्या एका काकूंनी तर समोरच्यांचा कोंबडा भलत्या वेळी आरवतो, त्याला समज द्या, म्हणून बोलावलं होतं. गेले. कोंबड्याने ऐकून घेतलं नाही. पण हलकंफुलकं लिहायला बसले की मला पूल आठवतो. म्हणून आधी तक्रार.

मी त्या दिवशी पुलाच्या अष्टमीकडच्या टोकाला पत्रकं वाटत उभी होते. उन्हाळ्यात गुराढोरांसाठी दारात पाणी ठेवा, असं पत्रक होतं. मिरवणूक पुलावर आली आणि थांबली, कारण नवरदेवाच्या मित्रांना नाचायचं होतं. बेंजोवाल्यांनी ताल वाढवला. ऊन डोक्यावर. त्या सगळ्या गोंगाटात जुई एकदम गप्प उभी होती. तिचे डोळे मिटत आले, खालचा ओठ लोंबला, मान हळूहळू खाली गेली. मी पाहत होते. मग गुडघे गेले.

‘‘काय पाजलंस रे हिला?’’ नवरदेवाचे काका नानाच्या अंगावर धावले.

‘‘शप्पथ, काय नाय पाजलं,’’ नाना म्हणाला. साठीकडे झुकलेला, सडपातळ माणूस. दोर ओढून जुईला उठवत होता. ‘‘फटाक्याला बिचकली असंल.’’

‘‘फटाके अजून लावलेच नायत!’’

‘‘मग बेंजोला.’’

‘‘बेंजोला पडते, तर घोडी कशाला पालतोस? म्हैस पाल!’’

मी मध्ये शिरले. काकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘‘तू कोण गो? मुलीकडची का?’’

‘‘घोडीकडची,’’ मी म्हटलं.

लोक हसले. हसू द्या. मी ओला रुमाल घेऊन जुईच्या गुडघ्यांवर फिरवला आणि रुमाल पांढरा झाला. खडूची पूड. मूर्तींच्या कारखान्यात लागते ती. पुडीच्या खालून जखमा निघाल्या. एक ताजी, तिच्याशेजारी खपली धरलेली, तिच्याही खाली केस गेलेले जुने वण. दोन्ही गुडघ्यांवर, आणि खाली खुरांच्या वरच्या सांध्यांवरही. म्हणजे ही पुलावर पहिल्यांदा पडलेली नव्हती. ती पडतच होती.

नवरदेव पुढे चालत गेला. लग्न लागलं. नानाने जुईला टेम्पोत चढवलं आणि मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याने बोलावलं नव्हतं.

आता थोडं समजावून सांगते, कारण याच मुद्द्यावर माणसं मला हमखास अडवतात. ‘‘ताई, घोडा उभ्यानेच झोपतो, शाळेत शिकलोय आम्ही.’’ बरोबर शिकलात, पण अर्धंच. घोड्याच्या मागच्या पायात, गुडघ्याच्या वाटीपाशी, अशी सोय असते की ती अडकली की पाय कडी लावल्यासारखा ताठ राहतो. जोर लावावा लागत नाही. दुसरा मागचा पाय खुराच्या टोकावर टेकवून सैल सोडायचा, आणि थोड्या वेळाने पाय बदलायचा. असा उभा घोडा मजेत डुलक्या काढतो. पण ती डुलकी. गाढ झोपेत अंगातलं सगळं बळ सुटतं, मानसुद्धा धरवत नाही. ती झोप उभ्याने येत नाही, त्यासाठी आडवंच व्हावं लागतं. फार वेळ नाही. दिवसभरात थोडी थोडी करून तासाच्या आतबाहेर झोप घोड्याला पुरते. पण तेवढी लागते म्हणजे लागतेच. ती दिवसेंदिवस मिळाली नाही, की एक दिवस उभ्यानेच येऊन गाठते आणि गुडघे दुमडतात. जनावर चालताना पडत नाही, थांबल्यावर पडतं. जुई थांबल्यावर पडली होती.

पेणहून रोह्याला एसटीत दांडी धरून उभ्याने डुलकी काढता येते. तुम्ही काढली आहे, मीही काढली आहे. म्हणून घरी जाऊन कोणी गादी विकून टाकत नाही.

नानाची जागा गणपतीच्या एका कारखान्याच्या मागे होती. वर पत्रा, खाली सिमेंटचा कोबा, धुऊन लख्ख. भिंतीत माझ्या डोक्याच्या उंचीवर लोखंडी कडी. कडीला आखूड दोर. नानाने जुईच्या तोंडावरची मोहरकी त्या दोराला अडकवली आणि मला सगळं कळलं. तिचं तोंड छातीच्या खाली जाऊ शकत नव्हतं. आडवं होणं सोडा, तिला स्वतःचा खूर हुंगता आला नसता.

‘‘इतकं आखूड का बांधता?’’

‘‘बसंल ना ती!’’

‘‘मग बसू दे की.’’

नानाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं कोणी मूर्तीवर पाय दे म्हणालं असावं. ‘‘अगो, पांढरी घोडी हाय. लिदीत बसली का पिवला डाग पडतो. सकाळी किती बी घासा, जात नाय. लग्नवाल्यांना पांढरी पायजे. लग्नसराईत सगलेच असे बांधतात. घोड्याला कुठं निजायला लागतं?’’

‘‘आणि लग्नसराई कधीपासून?’’

‘‘तुलशीच्या लग्नापासून.’’

तुळशीच्या लग्नापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत. मधला शिमगा धरून, मधली थंडी धरून. माझे वडील रोह्याजवळ धाटावला कंपनीत होते. रात्रपाळी करून आले की आम्ही घरात पातेलंसुद्धा अलगद ठेवायचो. शेजारी मिक्सर लावायचे नाहीत. झोप म्हणजे काय, हे या दोन तालुक्यांत कोणाला समजावून सांगायला नको. घरोघरी शिफ्ट आहे. तरी एका जनावराला पांढरं ठेवण्यासाठी महिनोन्‌महिने उभं ठेवतात, आणि त्याला म्हणतात हौस!

मी बोलले. पत्रकात बोलतात तसं बोलले, आवाज चढवून. कारखान्यातले रंगारी ब्रश थांबवून ऐकत होते. नाना शांतपणे जुईच्या नाकावरची माती पुसत होता. माझं संपल्यावर म्हणाला, ‘‘तुजं खरं असंल. पन आता काय उपेग? नवरदेवाला पाडलेली घोडी कोन बोलावनार? अपशकुन बोलतात. इकतो मी हिला. दलाल येनार हाय पुढच्या बाजाराच्या आधी.’’

दलाल म्हणजे कोण आणि थकलेली घोडी तिथून कुठे जाते, हे नानालाही ठाऊक होतं. बोलताना त्याने जुईकडे पाहिलं नाही.

‘‘तोवर माझ्याकडे द्या,’’ मी म्हटलं. ‘‘ती आजारी नाही, झोपेची उपाशी आहे. झोपवून दाखवते.’’

‘‘तुज्याकडं जागा कुठाय?’’

नव्हती. पण नानाच्या बहिणीकडे होती. गागोदे बुद्रुकला भागीमावशीचं घर, पुढे खळं. भात केव्हाच झोडून झालेलं, वालही उपटून झालेले, खळं मोकळं पडलेलं. दुसऱ्या दिवशी जुई तिथे पोचली. मी गिरणीतून तुसाची पोती आणली आणि पेंढ्यासाठी नानाच्या शेजारच्या कारखानदाराकडे हात पसरले.

‘‘पेंढा गणपती भरायला लागतो ताई,’’ तो म्हणाला. ‘‘मूर्तीला धक्का लागू नये म्हणून.’’

‘‘मूर्तीला धक्का लागू नये म्हणून गादी, आणि उंदीरमामासुद्धा पेंढ्यात. जुईनेच काय घोडं मारलंय?’’

त्याने चार भारे टाकले. वर म्हणाला, ‘‘पत्रकात माझं नाव टाकू नका, नायतर उद्या सगला गाव पेंढा मागंल.’’ टाकत नाही.

खळ्यात तुसाचा थर, त्यावर पेंढा, हातभर उंच मऊ अंथरूण केलं. जमिनीतल्या मेखेला लांब दोर बांधला. आणि जुई उभी राहिली. दिवसभर उभी. डोळे मिटायची, गुडघे लचकायचे, दचकून परत ताठ. दुसऱ्या दिवशीही तेच. एवढं मऊ अंथरूण समोर असताना ती त्याच्या कडेला पाहुणीसारखी उभी.

‘‘तुजी घोडी तुज्यापेक्षा शानी हाय गो,’’ भागीमावशी ओटीवर सुपात वाल पाखडत म्हणाली. ‘‘तिला म्हाईत हाय, घोडा बसला का संपला. माज्या बापाचा घोडा बसला तो उठलाच नाय.’’

‘‘तो म्हातारा झाला असेल, मावशी.’’

‘‘म्हातारी तर मी बी झाली. मी बसते, उठते.’’

आमच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जागा मऊ असून पुरत नाही. आडवा पडलेला घोडा चटकन पळू शकत नाही, म्हणून कोणी जागं राहणारं शेजारी असल्याशिवाय तो अंग टाकत नाही. कळपात एक उभा राहतो, बाकीचे झोपतात. नानाची दुसरी घोडी त्याच्याही दोन वर्षं आधी मेली होती, तेव्हापासून जुई एकटी. म्हणजे दोर लांब केला असता तरी पेणच्या कोब्यावर ती भीतभीतच आडवी झाली असती.

मावशीकडे एक म्हातारा बैल होता, ढवळ्या. कामातून सुटलेला, दिवसभर रवंथ करणारा. मी म्हटलं, त्याला जुईजवळ बांधू या.

‘‘घोडी लाथ मारंल माज्या ढवल्याला!’’

‘‘मी जबाबदार.’’

‘‘तू कसली जबाबदार? तुला बी लाथ मारंल.’’

शेवटी बांधला. लाथ कोणी कोणाला मारली नाही. जुईने त्याची पाठ हुंगली, त्याने शेपटीने एक माशी हाकलली, ओळख झाली.

पुढच्या दिवशी, दुपारची जेवणं होऊन गाव आडवं झालं होतं. मी ओटीवर डबा धूत होते. जुईने पेंढ्यात पाय उकरला, स्वतःभोवती एक गिरकी घेतली, पुढचे गुडघे टेकले, मग मागचं अंग, आणि हुश्श करून बसली. थोडा वेळ मान वर ठेवून ढवळ्याकडे पाहत राहिली. तो उभाच होता. मग तिने एका कुशीवर अंग टाकलं, पाय लांब केले आणि गाल पेंढ्यावर ठेवला. मी जागची हलले नाही. डब्यातलं पाणी पायावर सांडत होतं.

थोड्या वेळाने तिचे पाय हलायला लागले. पळत असल्यासारखे, बारीक झटके. ओठ थरथरत होते, मिटल्या पापणीखाली डोळा फिरत होता, आणि घशातून घरघर. आतून भागीमावशी आली आणि तिने जी बोंब ठोकली ती पार देवळापर्यंत गेली असेल.

‘‘मेली गो मेली! आचके देतेय! तोंडात पानी घाला कोनतरी!’’

‘‘मावशी, झोपलीय ती. ओरडू नको!’’

‘‘अशी झोपतात? लाज नाय वाटत, घोडी मारलीस माज्या भावाची!’’

चार घरची माणसं धावत आली. कोणी कांदा आणला, कोणी पाण्याची कळशी. मी हात पसरून खळ्याच्या तोंडाशी उभी राहिले. एकालाही आत जाऊ दिलं नाही. भांडले, शिव्या खाल्ल्या, पण हललेही नाही. आणि अशात, नेमका त्याच वेळी, नाना दलालाला घेऊन आला.

नानाने लांबूनच पाहिलं. आडवी घोडी, भोवती माणसं, बहिणीने काढलेला गळा. तो कुडाशी तिथेच मटकन बसला. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

दलालाने कुडावरून मान लांब करून जुईला न्याहाळलं. तिने तेवढ्यात एक मोठा झटका दिला. ‘‘ही तर चालली,’’ तो म्हणाला. ‘‘मेलेली घेऊन मी काय करू? फुकट एवढ्या उनात आनलास.’’ आणि उलट्या पावली गेला.

जुई झोपली आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगणारही नव्हते. नानाच्या शेजारी जाऊन बसले आणि त्याच्या कानात म्हटलं, ‘‘नाना, घोरतेय ती. नीट ऐका.’’

नानाने ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग तोंडाला टोपी लावली. रडत होता का हसत होता, मला दिसलं नाही. जुईने आपली झोप पूर्ण केली, उठली, अंग झाडलं, ढवळ्याच्या पुढ्यातला पेंढा ओढून खाल्ला. तिच्या डाव्या गालावर तळहाताएवढा पिवळा डाग पडला होता.

इथे ही गोष्ट संपली असती, तर मी संपादकांना गमतीदार लेख दिला असता.

त्याच सराईच्या शेवटी रोह्याहून एक बोलावणं आलं. नवरदेव कंपनीत कामाला, लग्न अष्टमीला. पुलाची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. जुई तोवर रोज आडवी होत होती, गुडघ्यांवर केस येऊ लागले होते. मी नानाबरोबर गेले. त्याने सकाळी डाग घासला, गोणपाटाने पुसला, तरी गालावर आणि मांडीवर पिवळं राहिलंच. मांडी झुलीखाली गेली. गाल कुठे जाणार? नानाने पिशवीतून खडूच्या पुडीची पुरचुंडी काढली. मी ती घेतली आणि गटारात ओतली.

नवरदेवाची आत्या कुंकवाचं ताट घेऊन आली आणि थबकली. ‘‘अवो घोडेवाले, ही घोडी का गंजलेला डबा? थोबाड बघा तिचं. फोटोत काय दिसंल?’’

‘‘धुतलीय बाई,’’ नाना पुटपुटला.

‘‘धुतली तर अशी? न धुता काय हत्ती दिसते? दुसरी आना!’’

नाना मान खाली घालून उभा. मला हळूच म्हणाला, ‘‘बघितलंस? उद्यापासनं आखूड बांधतो परत. तिच्या झोपेवर माजं पोट नाय भरत गो.’’

तेव्हा मी आत्याशी वाद घातला नाही. सरळ नवरदेवाकडे गेले. तो फेटा बांधून घेत होता. म्हटलं, ‘‘दादा, रात्रपाळी करता ना? सकाळी उठल्यावर गालावर उशीची घडी उमटते ना? घोडीच्या गालावर तेच आहे. ती झोपून आलीय. न झोपलेली घोडी मागच्या महिन्यात याच गावच्या पुलावर नवरदेवासकट पडली. हीच होती ती. आता बोला.’’

नाना मागून कळवळला, ‘‘अगो, ते कशाला सांगतेस!’’

नवरदेव आरशातून माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘लागोपाठ शिफ्ट करून मी मशीनवर उभ्याने झोपलोय एकदा. हात थोडक्यात वाचला.’’ आणि आत्याला हाक मारली, ‘‘आत्ये, ओवाळ तिला. डागासकट.’’

‘‘फोटो?’’

‘‘फोटोत माझं थोबाड हाय ना, ते बघा.’’

आत्याने तोंड वाकडं करून ओवाळलं. मिरवणूक निघाली. पूल आला. आणि पुलाच्या मध्यावर, अगदी तिथेच, बेंजोवाल्यांनी ताल वाढवला आणि मित्र नाचायला लागले. सगळे थांबले. नानाने दोर दोन्ही हातांनी धरला. मी जुईच्या पुढ्यात उभी राहिले, जणू मी तिला पेलणार होते. तिचे डोळे मिटत आले. ओठ लोंबला. मान थोडी खाली आली.

मग तिने मागचा एक पाय सैल सोडला, खुराचं टोक टेकवलं, दुसऱ्या पायाला कडी लावली, आणि सगळ्या गोंगाटात मस्त डुलकी काढली. बेंजो थांबला तशी जागी झाली आणि चालू लागली. नवरदेवाला काही कळलंसुद्धा नाही. नानाला कळलं. पूल ओलांडेपर्यंत त्याने जुईच्या मानेवरून हात काढला नाही.

आता नानाच्या पत्र्याखाली कोब्यावर तूस आहे, लांब दोर आहे, आणि शेजारी भागीमावशीने दिलेली एक शेळी आहे. पण आखूड दोर त्याने टाकलेला नाही. तो भिंतीच्या खिळ्यावर लटकतोय. मी दोनदा मागितला, त्याने दिला नाही. ‘‘राहू दे,’’ म्हणतो. ‘‘सगले नवरदेव तुज्या त्या शिफ्टवाल्यासारखे नसतात.’’ तो खोटं बोलत नाही. फोन येतो तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘‘पांढरीशुभ्र आहे ना?’’ आणि नानाची नजर खिळ्याकडे जाते. मी पाहिलंय. जिल्ह्यात असे खिळे किती असतील, माहीत नाही. मी मोजत बसत नाही, एकेकाच्या दारात जाते. घोडेवाल्यांशी भांडून झालं. ते म्हणतात, गिऱ्हाइकाशी बोला.

म्हणून गिऱ्हाइकाशी बोलते. तुमच्याशीच. हा अंक हातात आहे म्हणजे तुळशीचं लग्न तोंडावर आलं आहे, आणि तुमच्या घरात किंवा शेजारी कोणाचं तरी ठरलं असेल. मिरवणूक पायी काढलीत तर मला सर्वांत आवडेल. घोडी आणणारच असाल, तर ठरवायला स्वतः जा. फोनवर ठरवू नका. तिचे गुडघे ओल्या रुमालाने पुसा. मग तिचा गाल पाहा. गाल लख्ख पांढरा असेल तर ती रात्री कुठे निजली ते विचारा, आणि निजायची जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका. गालावर पिवळा डाग असेल, तर तीच घोडी ठरवा. घोडेवाल्याला तिथल्या तिथे, चारचौघांत, मोठ्याने सांगा की हा डाग पुसायचा नाही. आणि मिरवणुकीच्या दिवशी तुमच्या घरातली आत्या तोंड वाकडं करील, तेव्हा गप्प बसू नका. बोला.